माणसं दुरुस्तीला पाठवू नका, स्वतः या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. त्यांच्या पुतणीच्या संसारात कुरबुरी होत्या, घरच्यांनी तिला काउन्सेलरकडे पाठवलं, आणि थोड्याच भेटींनंतर पोरीनं वेगळं राहायचं ठरवलं. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढलाय की ही समुपदेशक मंडळी पैसे घेऊन घरं फोडतात. पूर्वी हेच काम मामा-काका फुकटात करायचे आणि घरं टिकायची. त्या मुलीला मी ओळखत नाही, तिच्या समुपदेशकालाही नाही, तेव्हा त्या प्रकरणावर मी बोलणार नाही. पण लालबागला एका ट्रस्टच्या केंद्रात मी बरीच वर्षं हेच काम करते आणि पत्र वाचून एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. घरातल्या एवढ्या माणसांपैकी तिला एकटीलाच का पाठवलं?

हे पाठवणं आमच्या फोनवर रोज चालतं. 'मॅडम, मुलाला पाठवते, लग्नाला तयार करा.' 'सुनेला जरा समजावून सांगा, तुमचं ऐकेल.' 'मिस्टरांना कसंही करून आणते, तुम्ही त्यांची दारू सोडवा.' सकाळी बिघडलेला मिक्सर दुकानात टाकावा आणि संध्याकाळी चालू करून न्यावा, तशी अपेक्षा. मी प्रत्येकाला एकच विचारते, या सगळ्यात झोप कुणाची उडालीय? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'माझीच.' मग आधी तुम्ही या. बाकीच्यांना बोलवायचं की नाही ते नंतर बघू. यावर काहीजण सरळ फोन ठेवतात. काहीजण दुखावतात, 'मला काही झालेलं नाही, बिघडलाय तो.' आणि काही येतात. आमचं निम्मंअधिक काम या येणाऱ्यांबरोबरच होतं.

दारूचंच घ्या. व्यसनाच्या क्षेत्रात हे शहाणपण जुनं आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं व्यसनी माणसाच्या बायकोसाठी वेगळा गट चालवला, आणि अल-अनॉनचे गट तर आहेतच मुळी घरच्यांसाठी, पिणाऱ्यासाठी नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचा नवरा अजून पितो. पण त्याला उठवेनासं झालं की 'साहेब, यांना ताप आहे' असा त्याच्या ऑफिसात फोन करायचं काम बाईंनी बंद केलंय, आणि पगाराच्या रात्री दाराशी जागत बसण्याऐवजी त्या मुलीला घेऊन जेवून झोपतात. ऑफिसचा मेमो त्याच्या हातात पडला तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. पुढे तो काय करील ते मला माहीत नाही. बाईंचा रक्तदाब मात्र खाली आलाय.

मामा-काकांना मी कमी लेखत नाही. चाळीत आवाज चढला की शेजारी दार वाजवायचे, आणि नुसत्या त्या दार वाजवण्यानं कित्येक बायका मारापासून वाचल्या. बंद फ्लॅटमध्ये ती सोय राहिली नाही, याचं वाईट वाटतंच. पण मामांना पुढच्या वर्षी त्याच घरात लग्नाला जेवायला जायचं असतं, काकांचं नाव भाडेपावतीवर असतं, आणि रात्री झालेली बोलणी सकाळी पाणी भरताना मजलाभर फिरलेली असतात. समुपदेशकाला तुमच्या घरातून फी सोडून काही नको असतं. आमच्याकडे तर तीही ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे घेतात.

एक उदाहरण सांगते. (या पत्रातली सगळी उदाहरणं दोन-तीन घरांची सरमिसळ करून, तपशील बदलून लिहिली आहेत, कुणी कुणाला त्यात शोधत बसू नये.) चौतिशीची मुलगी, सहकारी बँकेत नोकरी, गिरगावात आईवडिलांबरोबर राहणारी. मुलीला लग्नाला तयार करावं म्हणून वेळ आईनं घेतली, फी आईनं भरली आणि बाहेर बाकावरही आईच बसली. मुलीला मी आधी एक कागद वाचायला दिला. तो मी सगळ्यांनाच देते. इथे बोललेलं इथेच राहील असं त्यात लिहिलंय, आणि कधी राहणार नाही तेही लिहिलंय: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, न्यायालयानं मागितलं तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारकच आहे, तिथे माझी मर्जी चालत नाही. मुलीनं कागद दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, 'म्हणजे आईलापण नाही?' आईलापण नाही. मग ती पाऊण तास बोलली. त्यात लग्नाबद्दल अवाक्षर नव्हतं. बढतीवर नाशिकला जायची संधी आली होती, आणि ते घरी सांगायची तिची छाती होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. 'काय म्हणाली?' ते तिलाच विचारा. 'अहो, फी मी भरलीय!' बरोबर आहे, पावती तुमच्या नावानं फाडलीय, बोलणं तिच्या नावावर आहे. आई चिडल्या. मग मी म्हटलं, तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर माझ्या सहकारी बाईंची वेळ देते. चार दिवसांनी त्या खरंच आल्या. तिथे काय बोलल्या ते मला माहीत नाही, आणि मला ते माहीत नसणंच योग्य. एवढं कळलं की पुढे नाशिकला खोली बघायला मुलीबरोबर आई गेल्या होत्या. लग्नाचं काय झालं, असं मला अजून आमच्या केंद्राची शिपाईणसुद्धा विचारते.

'सल्ला देत नाही तर पैसे कशाचे घेता?' हा प्रश्नही त्या पत्रात आहे. सल्ला लोकलच्या चौथ्या सीटवर फुकट मिळतो, त्यासाठी लालबागपर्यंत यायची गरज नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली मांडलं होतं की समुपदेशकानं समोरच्याला अटी न घालता स्वीकारावं, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं आणि स्वतः आतबाहेर एक असावं. वाचायला हे फार सोपं आहे. समोर साठीचे गृहस्थ बसलेत आणि सांगतायत की सख्ख्या भावाच्या अंत्यविधीला गेलो नाही. तेव्हा 'का नाही गेलात?' हा प्रश्न ओठावरून परत न्यावा लागतो, कारण तो त्यांना साऱ्या नातेवाइकांनी विचारून झालेला असतो. मी विचारलं, 'त्या वेळी तुम्ही कुठे होतात?' ते म्हणाले, 'भायखळ्याच्या पुलावर उभा होतो. दोन तास.' हे त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचं काम तिथून सुरू झालं. प्रत्येकाबरोबर हीच रीत चालते असंही नाही. कुणाच्या डोक्यात 'मला जमलंच पाहिजे, नाही जमलं तर मी नालायक' असे विचार गरगरत असतात. तिथे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचार तपासून बघायची पद्धत चांगली उपयोगी पडते. कुणाची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेलेली असते, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा असते. तिथे मी नुसतं बोलत बसत नाही. औषध देणं हे मनोविकारतज्ज्ञांचं काम, मला तो अधिकार नाही. केईएम, नायर, शीव या तिन्ही रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे, चिठ्ठी देऊन तिथे पाठवते. पाठवण्याचा हा एक प्रकार मात्र मला मान्य आहे.

जोडपं आलं की सगळं बदलतं. मी नवऱ्याची नसते, बायकोची नसते. दोघांच्या मध्ये जे चाललंय त्याच्याशी माझा संबंध. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकते की मागाहून एकट्यानं फोन करून 'हिला सांगू नका' म्हणत जे सांगाल ते मी पोटात ठेवणार नाही. असे फोन येतातच. बहुतेक रात्री साडेनऊनंतर येतात, जिन्यात उभं राहून केलेले.

कांजूरमार्गचं एक जोडपं होतं. वन रूम किचन, त्यात सासू, सासरे आणि नणंद. भांडायला जागाच नाही! म्हणून दोघं रात्री एका गादीवर पाठीला पाठ लावून व्हॉट्सअ‍ॅपवर भांडायची. दोघांनीही स्क्रीनशॉट जपून ठेवले होते. तिचे तर तारखेप्रमाणे लावलेले. 'मॅडम, तुम्हीच वाचा आणि सांगा कोण चुकतंय.' मी एकही वाचला नाही. पुरावे कोर्टात लागतात, आमच्याकडे खटला नसतो. तिला म्हटलं, यातली एक ओळ मोठ्यानं वाचा, मोबाइलकडे नाही, त्यांच्याकडे बघून. तिनं 'तुला काय फरक पडतो' एवढंच वाचलं आणि तिचा आवाज बसला. तो गडबडला. म्हणाला, 'मला वाटलं होतं, तू टोमणा मारतेयस.'

यापुढचं काम कंटाळवाणं असतं. एकानं दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, पहिला 'हो, हेच म्हणायचं होतं' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. नवरे इथे हमखास अडतात. 'ती म्हणतेय की मी उशिरा येतो, पण...' तो 'पण' तुमच्या पाळीला, आत्ता नाही. 'अहो, पण मॅडम...' असं अर्धा तास. बायका दुसरीकडे अडतात, त्या नवऱ्यानं न बोललेलंही सांगून टाकतात. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची संभाषणं चित्रित करून वर्षानुवर्षं तपासली. त्यांचं म्हणणं, नवरा-बायकोमधले जवळपास ६९ टक्के वाद कायमचे असतात, ते सुटतच नाहीत. पंखा किती जोरात लावायचा, त्याच्या आईला दरमहा किती पैसे द्यायचे, रविवारी कुणाच्या घरी जायचं. म्हातारपणापर्यंत हेच. भांडणापेक्षा त्यांना घातक वाटली ती तुच्छता. मलाही आवाज चढला की फारशी काळजी वाटत नाही. नवरा हसत हसत 'आमच्या महाराणींना विचारा' म्हणाला, किंवा बायकोनं त्याचं बोलणं सुरू होताच छताकडे बघितलं, की मी पेन खाली ठेवते.

कांजूरमार्गच्या त्या दोघांचा तोडगा त्यांचा त्यांनीच काढला. दोघांच्या नोकऱ्या फोर्टात. शुक्रवारी दादरला उतरायचं, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अर्धा तास बसायचं आणि जे भांडायचं ते तिथे, तोंडानं. घरी गेल्यावर मोबाइल उशाशी ठेवायचा नाही. नणंदेचं लग्न ठरेपर्यंत असंच चालेल म्हणतात. जागेचा प्रश्न समुपदेशनानं सुटत नाही, आणि तो सुटतो असं सांगणाऱ्यांपासून सावध राहावं.

शरीरसंबंधांचा विषय या दोघांनी काढला तो अगदी शेवटी. तसं सगळेच करतात. र. धों. कर्व्यांनी याच मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शतक उलटून गेलं. तरी आमच्याकडे जोडपी हा विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीत, वेळ संपल्यावर, चपला घालता घालता काढतात. तेव्हा त्यांना परत बसवायचं नाही, अवघडतात. 'पुढच्या वेळी इथूनच सुरू करू' एवढं म्हणायचं.

आता एक अपवाद, आणि तो मी आवाज चढवूनच सांगते. सुरुवातीला मी दोघांना एकेकदा वेगळं भेटते. त्या भेटीत विचारते, घरात कुणी कुणावर हात उचलतं का, पैसे काढून घेतं का, बाहेर जायला बंदी आहे का, तुम्हाला त्यांची भीती वाटते का. उत्तर 'हो' असेल तर दोघांना शेजारी बसवून 'तुमचंही काय चुकलं ते बघू' हा खेळ मी खेळत नाही. अशा बैठकीत खरं बोलली म्हणून घरी जाऊन मार खाल्लेल्या बायका मी बघितल्या आहेत. त्या दुसऱ्या कुठल्या तरी 'समेटा'तून आमच्याकडे आलेल्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली २००६ साली जे नियम झाले, त्यांत स्पष्ट आहे की मारहाणीचं समर्थन हा समुपदेशनाचा भाग होऊ शकत नाही, आणि पुन्हा असं करणार नाही याची हमी त्या माणसानं द्यायची असते. 'तिनं उलट उत्तर दिलं म्हणून' हे वाक्य तिथे बादच. अशा वेळी आम्ही बाईंना योग्य ठिकाणी जोडून देतो. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलीस यंत्रणेत समाजकार्यकर्त्या बसवल्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेनं आणि आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या सेहत संस्थेनं मिळून 'दिलासा' केंद्र काढलं. हात मोडला म्हणून आलेल्या बाईला तिथे 'पडलात कशा?' याच्या पुढचा प्रश्न विचारला जातो. पत्रलेखक काकांच्या पुतणीचं नेमकं काय होतं मला ठाऊक नाही. पण वेगळी राहिलेली प्रत्येक मुलगी भडकवलेलीच असते असं समजण्याआधी हा प्रश्न घरात कुणी तिला एकांतात विचारला होता का, एवढं त्यांनी जरूर आठवून बघावं.

सगळं कुटुंब एकत्र येतं तेव्हा मला खुर्च्या पुरत नाहीत आणि सगळ्यांत जास्त शिकायलाही तेव्हाच मिळतं. सध्या आमच्या भागात घराघरांत एकच विषय आहे, पुनर्विकास. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचा फ्लॅट. खोलीत तीन भाऊ वाढले, फ्लॅट एकाच्या नावावर होणार. असंच एक घर आलं. ऐंशीची आई, अठ्ठावन्नचा थोरला, ज्याच्या नावावर खोली, ऐरोलीला आयटी कंपनीत असलेला अठ्ठेचाळीसचा धाकटा, मधला भाऊ, दोन सुना आणि कल्याणला दिलेली बहीण. धाकट्यानं फोनवर सांगितलं होतं, 'दादाला समजवा, तो हिशोबाचं बोलतच नाही.' मी नेहमीचं म्हटलं, सगळेच या.

कोण कुठे बसतं ते मी आधी बघते. आई मध्ये बसली, थोरला दाराजवळ, धाकटा माझ्या समोर फाइल घेऊन. त्याला फाइल खुर्चीखाली ठेवायला सांगितली. मग एक मोठा कागद पसरला आणि घराचा नकाशा काढायला घेतला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर फुली, लग्नाची आडवी रेघ, तिच्याखाली मुलं. आमच्या कामात ही नेहमीची गोष्ट आहे. पण घरची माणसं आपलं घर असं कागदावर पहिल्यांदाच बघतात आणि सगळी पुढे वाकतात. वडिलांच्या चौकोनावर फुली मारली, शेजारी त्यांची गिरणी लिहिली. विचारलं, गिरणी कधी सुटली? आई म्हणाल्या, 'सुटली कुठे, संप झाला.' १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला आणि रीतसर कधी मागेच न घेतलेला तो संप. मी फुलीखाली १९८२ लिहिलं आणि थोरल्याला विचारलं, तेव्हा तुम्ही कितवीत होतात? 'दहावीत.' परीक्षा दिलीत? 'नाही. मस्जिद बंदरला एका पेढीवर लागलो.' धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. त्याला आठवतात ते खिडकीशी बसलेले वडील आणि चिडका दादा.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी प्रत्येक कुटुंबाला या ना त्या रूपात विचारतेच. घरात पैशाचा विषय निघाला की सगळ्यांत आधी कोण उठून जातं? आणि ती व्यक्ती उठली की तिच्याकडे कोण बघतं? इटलीतल्या मिलानच्या काही डॉक्टरांनी ही गोल फिरणाऱ्या प्रश्नांची पद्धत रूढ केली. कुणाला थेट 'तुम्हाला काय वाटतं' असं न विचारता, एकाबद्दल दुसऱ्याला विचारायचं. उत्तर धाकट्या सुनेनं दिलं, तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. 'भाऊजी उठून जातात. आणि आई लगेच आमच्या यांना गप्प करतात.' आई म्हणाल्या, 'मग काय करू? यानं शिक्षण सोडलं म्हणून तो शिकला, हे त्याच्या तोंडावर सांगू?' चाळीसपेक्षा जास्त वर्षांत ते कुणी बोललंच नव्हतं. धाकटा कागदाकडे बघत बसला. थोरल्यानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, 'माझी पाच चाळीसची फास्ट आहे.' गेला नाही, बसला.

फ्लॅटची वाटणी मी केली नाही, करणारही नाही. ते वकिलाचं काम, आणि कायद्यात कुणाचा किती हक्क ते सांगायची माझी पात्रता नाही. तिघं भाऊ पुढे वकिलाकडे एकाच टॅक्सीतून गेले, एवढं कळलं. बहीण अजून नाराज आहे. तिला पहिल्या भेटीला बोलावलं ते सह्यांपुरतं, असं ती म्हणते, आणि त्यात तथ्य आहे.

आता 'घरं फोडता' या आरोपाकडे येते. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा, मुंबईचं न्यायालय १९८९ पासून. वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन बघा, तिथे न्यायालयाचेच विवाह समुपदेशक आहेत, आणि समेटाचा प्रयत्न करणं हे कायद्यानं न्यायालयावर घातलेलं कर्तव्य आहे. म्हणजे मोडू बघणाऱ्या लग्नांसमोर सरकारनंच समुपदेशक उभा केलाय. पण समेट म्हणजे एका छपराखाली राहणं, असं मात्र मी मानत नाही. परस्परसंमतीनं घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली; दोन अर्जांमधले सहा महिने परिस्थिती बघून माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. वेगळं व्हायचं पक्कं झालेल्या जोडप्याबरोबरही काम असतं, आणि ते नाजूक असतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलगा बाबांकडे जाणार, तर सोमवारच्या तासांची पुस्तकं कुणाच्या घरी? आजारी पडला तर कुणी रजा टाकायची? शाळेच्या गॅदरिंगला दोघांनी शेजारी बसायचं की दोन टोकांना? एका जोडप्यानं शेवटी पुस्तकांचे दोन संच घेतले. मला तो समेटच वाटतो. मामा-काकांना वाटणार नाही, हे मान्य.

टीका करायचीच असेल तर करण्यासारखी जागा आहे, आणि ती त्या पत्रात राहून गेली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. पण नुसतं 'काउन्सेलर' असं लिहून कुणीही पाटी लावतो. संबंधित आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं कायदा केला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आहेत. तरी दारात उभ्या असलेल्या माणसाला आज पाटीवरून काही कळत नाही. दोन दिवसांचं ऑनलाइन शिबिर करून कपल काउन्सेलिंग सुरू केलेली मंडळी मला माहीत आहेत. तेव्हा बेधडक विचारा. शिक्षण काय, कुठे झालं, तुमच्या कामावर देखरेख कुणाची, माझं बोलणं कुणाला सांगाल. या प्रश्नांनी जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. पहिल्याच भेटीत 'तुमच्या नवऱ्याला अमुक विकार आहे' असं, नवऱ्याला न बघता, सांगणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

संपादक महाशय, आपल्याकडे एक विनंती. आपल्या पुरवणीत वाचकांच्या घरगुती प्रश्नांना शंभर शब्दांत उत्तर देणारं सदर येतं. लिहिणारी व्यक्ती जाणकार आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण प्रश्न बहुतेक वेळा असे असतात: 'सुनेनं कसं वागावं?', 'मुलाला कसं वळणावर आणावं?' पत्र लिहिणाऱ्याला स्वतःला काय होतंय ते उत्तरात कुणी विचारतच नाही. निदान एक ओळ त्यासाठी ठेवावी. आणि सदराच्या खाली, तसंच आत्महत्येची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली, केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तरी आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो माहीत असतो.

माझं नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे. तो छापू नये. तपशील बदलले असले तरी लालबागमध्ये मला ओळखणारे बरेच आहेत, आणि माझ्या दाराशी कोण येतं याचे अंदाज बांधायला त्यांना कारण नको.

आपली,
एक समुपदेशक, लालबाग, मुंबई